नारळाला आजारी पाडणारे कीटक



डासामुळे मलेरिया होतो, हे चौथीच्या मुलांना पाठ असतं. पण "झाडांनाही असे 'डास' असतात का?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. 'रोगाचा वाहक' ही संकल्पना शिकवायला नारळ हे फार चांगलं उदाहरण आहे.

खरे वाहक कीटक
केरळात १८७४ च्या सुमारास इराट्टुपेट्टा भागात नारळाचा 'रूट विल्ट' रोग प्रथम दिसला. पानं लुळी पडून बरगडीसारखी आत वळतात, पिवळी होतात, मुळं कुजतात. झाड लगेच मरत नाही, पण नारळ कमी होत जातात. म्हणजे त्यावर चालणारं घर हळूहळू अडचणीत येतं. याचं कारण फायटोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जीव. जाळीदार पंखांचा एक ढेकूण आणि एक तुडतुडा पानातला रस शोषताना तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. या रोगावर पूर्ण बरं करणारं औषध नाही. म्हणून कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने 'कल्परक्षा', 'कल्पश्री' यांसारख्या रोगाला तोंड देणाऱ्या जाती दिल्या.

दार उघडून देणारा कीटक
आपल्या कोकणात गेंड्या भुंगा सगळ्यांच्या ओळखीचा. तो कोवळा कोंब पोखरतो. पुढे ती झावळी उघडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. तो डासासारखा वाहक नाही, पण त्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या झाड आतून खातात. पावसाळ्यात कोंब कुजवणाऱ्या बुरशीलाही अशा जखमेतून वाट मिळते. कोंब गेला की झाड गेलं, कारण माडाला दुसरा कोंब नसतो.

मुलांकडून करून घ्या
१. जमिनीवरूनच माडाचं निरीक्षण करा. त्रिकोणी कापलेल्या झावळ्या किती ते मोजा.
२. शेणखताच्या खड्ड्यात किंवा कुजक्या खोडात पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या आहेत का, ते मोठ्यांसोबत पाहा. गेंड्या तिथेच वाढतो.
३. 'वाहक' आणि 'दार उघडणारा' असे दोन रकाने करून कीटकांची नावं लिहा.

पालकांनो, औषध फवारणी किंवा झाडावर चढणं हे काम मुलांचं नाही. पण खतखड्डा वेळच्या वेळी उपसणं आणि मेलेलं खोड बागेतून हलवणं एवढं घरातल्या मोठ्यांनी केलं, तरी गेंड्याची पैदास कमी होते. मुलांनी घरी येऊन तुम्हाला त्याची आठवण करून दिली, तर समजा हा पाठ त्यांना कळला!