उरलेल्या लोकरीचा हिशेब



तुमच्या घरी एखाद्या डब्यात नाहीतर पेटीत उरलेली लोकर आहे काय? स्वेटर विणून झाला की थोडी लोकर उरतेच. ती थोडी असते म्हणून कोणी वापरत नाही, आणि चांगली असते म्हणून कोणी फेकत नाही. मग ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. अशा लोकरीचे काय करता येते, ते मी या लेखात सांगणार आहे. हे सगळे मी स्वतः करून पाहिले आहे.

आमच्या घरचा डबा

आमच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आजीची उरलेली लोकर आहे. आजीने घरातल्या सगळ्यांचे स्वेटर विणले. आता तिच्या डोळ्यांना बारीक दिसत नाही. दिवाळीच्या आधी आई घर साफ करत होती. डब्यात नुसता गुंता दिसला, म्हणून ती म्हणाली, "हे फेकून देऊ." आजी लगेच उठून बसली. म्हणाली, "फेकू नोको वं. लागते ते."

मग आजीने एकेक गुंडा हातात घेऊन सांगितले. हा निळा बाबांच्या शाळेतल्या स्वेटरचा. हा पिवळा आत्याच्या टोपीचा. तपकिरी रंगाची लोकर फारच थोडी होती, लिंबाएवढी. ती आबाजींच्या मफलरची होती. आबाजी आता नाहीत आणि मफलरही राहिला नाही. तेवढीच लोकर उरली आहे.

गोधडी कोणासाठी केली

आपले कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठावर आहे. कार्तिकाची यात्रा झाली की नदीवरून गार वारा यायला लागतो. त्याच दिवसांत कापसाची वेचणी असते. माझी आई सकाळीच वेचायला जाते. माझा भाऊ आठ महिन्यांचा आहे. त्याला सोबत न्यावे लागते. शेतात धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून त्यात त्याला निजवतात. मागे एकदा त्याला फार सर्दी झाली आणि आईचे चार दिवसांचे काम बुडाले. म्हणून त्याच्यासाठी लोकरीची लहान गोधडी करायचे आजीने आणि मी ठरवले.

आपल्या वऱ्हाडात जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवतात. ही गोधडी तशीच आहे. फक्त कापडाच्या तुकड्यांऐवजी लोकरीचे चौकोन आहेत.

आधी लोकर निवडावी

१. जाड आणि बारीक लोकर वेगळी करावी. मी पहिल्यांदा दोन्ही मिसळली. तेव्हा एक चौकोन १० सेंटिमीटरचा आणि दुसरा १२ सेंटिमीटरचा झाला. ते जुळेनात. मला तीन चौकोन उसवावे लागले. नंतर मी पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटरचा चौकोन कापून ठेवला आणि प्रत्येक चौकोन त्यावर ठेवून पाहिला.

२. मेंढीची लोकर आणि बनावट लोकर वेगळी ठेवावी. दुकानात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिकची असते. ती कारखान्यात रसायनांपासून बनवतात. मेंढीच्या लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घालून चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आटते. ॲक्रिलिक तशी आटत नाही. दोन्ही एकत्र विणल्या तर धुतल्यावर कापड वेडेवाकडे होते.

३. कोणती लोकर कोणती हे जाळून ओळखता येते. एक लहान धागा मोठ्या माणसाने जाळून पाहावा, मुलांनी जाळू नये. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळते आणि तिची कडक गोळी होते. म्हणून ॲक्रिलिकचे कपडे घालून चुलीजवळ बसू नये.

४. मेंढीच्या लोकरीला कसर लागते. ती उन्हात झटकून मग डब्यात ठेवावी.

चौकोन कसा करावा

विणकाम दोन सुयांवर करतात. क्रोशाला आकडा असलेली एकच सुई लागते. आम्ही साडेतीन मिलिमीटरची सुई घेतली. सुईवर धागा एकदा गुंडाळून सुई भोकात घालावी आणि धागा ओढून घ्यावा. आता सुईवर तीन फास होतात. ते दोन-दोन करून सोडवले की एक खांब तयार होतो.

पहिली फेरी : ४ साखळ्या घालून त्यांचा गोल जोडावा. मग ३ साखळ्या घालाव्या, त्या १ खांब धरतात. गोलात आणखी २ खांब घालावे. हा ३ खांबांचा एक गट झाला. पुढे ३ साखळ्या घालून दुसरा गट करावा. असे ४ गट करून फेरी जोडावी. आता चार कोपरे दिसतात.

पुढच्या फेऱ्या : प्रत्येक कोपऱ्यात ३ खांब, ३ साखळ्या, ३ खांब घालावे. बाजूला जे भोक येते त्यात ३ खांब घालावे. दोन गटांच्या मध्ये १ साखळी घालावी. अशा एकूण ४ फेऱ्या कराव्या.

धागा संपला तर गाठ मारू नये. गाठ बाळाला टोचते. चार बोटे धागा सोडून द्यावा आणि नंतर मोठ्या सुईने आत ओवावा.

बाराचा पाढा

चौकोन करताना मी खांब मोजले.

पहिली फेरी – १२ खांब
दुसरी फेरी – २४ खांब
तिसरी फेरी – ३६ खांब
चौथी फेरी – ४८ खांब
एकूण – १२० खांब

हा तर बाराचा पाढाच झाला! यातून मला एक गोष्ट कळली. सगळ्या चौकोनाच्या दहाव्या भागाएवढीच लोकर मधल्या फेरीला लागते. शेवटच्या फेरीला मधल्या फेरीच्या चौपट लागते. म्हणून सर्वांत थोडी उरलेली लोकर मध्ये वापरावी आणि जास्त असलेली कडेला वापरावी.

आबाजींच्या मफलरची लोकर ३ ग्रॅम होती. एका चौकोनाला ६ ग्रॅम लागते. ती सगळी एकाच चौकोनाला वापरली असती तर अर्धाच चौकोन झाला असता. पण मध्ये वापरली तर पाच चौकोनांना पुरते. (यात साखळ्यांची लोकर धरली नाही, म्हणून हा अंदाज आहे.) आम्ही तसेच केले. आमच्या गोधडीत पाच चौकोनांच्या मधोमध तपकिरी रंग आहे. आजीला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण ते पाच चौकोन कुठे आहेत हे तिला ठाऊक आहे. ती त्यांवर हात फिरवते.

लोकर पुरेल की नाही

हा प्रश्न आधीच सोडवावा. नाहीतर काम अर्धे राहते आणि तीही उरलेली वस्तूच होते.

आम्हाला गोधडी ७० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब पाहिजे होती. म्हणजे ७ × ९ = ६३ चौकोन. जाड लोकर वगळून डब्यातली बाकी सगळी लोकर मी किराणा दुकानातल्या काट्यावर मोजली. ती ३१० ग्रॅम भरली. मग तिचेच दहा चौकोन करून मोजले. ते ६० ग्रॅम भरले. म्हणून एक चौकोन ६ ग्रॅमचा. चौकोन जोडायला आणि काठाला ४० ग्रॅम बाजूला ठेवली.

३१० – ४० = २७० ग्रॅम
२७० ÷ ६ = ४५ चौकोन
६३ – ४५ = १८ चौकोन कमी
१८ × ६ = १०८ ग्रॅम लोकर कमी

आई म्हणाली, "आम्ही कापूस किलोवर मोजतो, तू लोकर ग्रामावर मोजून राह्यली." पण मोजले म्हणूनच कमी पडणार हे आधी कळले.

दोन सुयांवर विणताना एक ओळ पुरी होईल की नाही हेही पाहता येते. धागा ओळीच्या रुंदीच्या तीन-चार पट असला तर एक ओळ होते. त्याहून कमी असला तर ती ओळ सुरू करू नये.

जुना स्वेटर उसवणे

१०८ ग्रॅम लोकर विकत आणायची नव्हती. मग आजी म्हणाली, "तुह्या पहिलीतला लाल स्वेटर कुठी हाये?" तो मला आता येत नव्हता, तरी मी तो जपून ठेवला होता. उसवताना मला रडू आले. आजी म्हणाली, "रडू नोको. तो काई वाया गेला नाही. बाळाच्या कामी आला."

हाताने विणलेला स्वेटर एका टोकापासून उसवतो आणि लांब धागा निघतो. कारखान्यातले पुष्कळ स्वेटर कापड कापून शिवलेले असतात. त्यांचा धागा तुकड्या-तुकड्यांनीच निघतो. उसवण्याआधी हे पाहून घ्यावे.

उसवलेली लोकर कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करावी आणि चार ठिकाणी सैल बांधावी. कोमट पाण्यात रिठ्याने धुवावी आणि सावलीत टांगून खाली थोडे वजन अडकवावे. वाळल्यावर धागा सरळ होतो. गुंडा सैल गुंडाळावा. घट्ट गुंडाळला तर लोकर ताणून राहते.

कोपर फाटलेले आणि विरलेले धागे काढून टाकल्यावर ११२ ग्रॅम चांगली लोकर मिळाली.

हे काम जुनेच आहे

आमच्या बाईंनी सांगितले की दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ साली कपड्यांवर रेशन आले. तेव्हा तिथले लोकही जुने स्वेटर उसवून पुन्हा नवे विणत होते. आपल्या नदीपलीकडे वर्धा जिल्हा आहे. वर्धा येथे १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली. मुलांनी हाताने काम करावे आणि त्यातूनच गणित व इतर विषय शिकावे, असा विचार त्यांनी मांडला. त्यालाच नई तालीम म्हणतात. तिथली मुले सूत कातून मोजत. आपण लोकर मोजली तरी गणित येतेच.

गोधडी झाली

मी शाळेतून आल्यावर रोज दोन चौकोन केले. ६३ चौकोनांना ३२ दिवस लागले. आजीने हाताने चाचपून ते जोडले. जिथे चुकले तिथे तिने मला पुन्हा उसवायला लावले. जोडून झाल्यावर आईने खालून जुन्या मऊ लुगड्याचे अस्तर लावले. त्यामुळे भोकांतून वारा लागत नाही आणि बाळाची बोटे अडकत नाहीत. बाळाच्या तोंडावर मात्र गोधडी घेऊ नये.

आता आई वेचणीला जाताना ती गोधडी झोळीत घालते. या हिवाळ्यात अजून तिचे एकही काम बुडाले नाही.

विनंती

चौथीच्या वर्गात आम्ही एक खोका ठेवला आहे. तुमच्या घरची उरलेली लोकर त्यात आणून टाका. आपल्या अंगणवाडीतल्या मुलांसाठी आणखी एक गोधडी करायची आहे. लोकर थोडी आहे म्हणून लाजू नका. अर्ध्या ग्रॅमच्या थोडी वर असली तरी एका चौकोनाच्या मध्ये बसते. ती कोणाच्या स्वेटरची आहे, तेही चिठ्ठीवर लिहून द्या.

सोडवून पाहा

१. ५ चौकोन रुंद आणि ८ चौकोन लांब अशी गोधडी करायची आहे. किती ग्रॅम लोकर लागेल? (जोडायची लोकर धरू नका.)
२. चौकोनाला पाचवी फेरी केली तर तिच्यात किती खांब येतील?
३. मला १०८ ग्रॅम लोकर पाहिजे होती. ११२ ग्रॅम मिळाली. किती उरली?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजीच्या डब्यात ठेवले आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी