पंपाचा बिनतारी रिमोट : निवड कशी करावी?



मोटार विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी आणि ऊस लांब, अशी आपल्यापैकी पुष्कळांची स्थिती. रात्री लाईट आली की चिखल तुडवीत नदीवर जावे लागते. ही पायपीट बिनतारी रिमोट वाचवितो.

याचे दोन प्रकार. पहिला रेडिओ रिमोट. बटण दाबताच रेडिओ लहरींवर ठराविक खूण जाते. स्टार्टरजवळील पेटी ती ओळखून मोटार चालू करते. सिमकार्ड लागत नाही. पण उभा ऊस, झाडी, चढउतार यांनी पल्ला घटतो. दुसरा मोबाईल स्टार्टर. फोन लावून घरातून वा नांदेडहूनही मोटार चालते. मात्र काठावर रेंज हवी, सिमचे रिचार्ज संपता कामा नये.

घेण्याआधी शेताच्या टोकावरून चालवून पाहा. मोटार खरेच चालू झाली, असा उलट निरोप येतो का? एक फेज गेल्यास किंवा पाणी ओढणे थांबल्यास ती आपोआप बंद पडते का?

शेवटचे, पण मोलाचे : रिमोटने मोटार बंद केली म्हणजे वीज तुटली असे नव्हे. पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात घाला. घरी पोराने सहज बटण दाबले, तर इकडे जीव जाईल.