जर्नल सबमिशन, पण वेगळ्या जर्नलचं

आपल्या कॉलेजात 'जर्नल सबमिशन' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. टर्म संपायला चार दिवस उरलेले असतात, गेल्या वर्षीच्या कुणाचं तरी कम्प्लीट जर्नल या विंगमधून त्या विंगमध्ये फिरत असतं, काचेखाली बल्ब लावून जीटी चालू असते आणि सगळ्यांना फक्त सही हवी असते. हा लेख दुसऱ्या जर्नलबद्दल आहे, मेडिकल जर्नलबद्दल. तिथे जीटी चालत नाही, आणि सही मिळाली तरी काम संपत नाही. उलट तिथूनच जबाबदारी सुरू होते.

'इंजिनिअरिंगवाल्यांचा तिथे काय संबंध?' असं कुणी विचारेल. पण आपल्याकडे दरवर्षी ईसीजी, स्टेथोस्कोप, ऑक्सिमीटर असले दोन-चार प्रोजेक्ट होतातच. माझ्या गटाचा प्रोजेक्ट बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा. ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश बोटातून सोडायचा आणि किती शोषला गेला, त्याच्या गुणोत्तरावरून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी काढायची. कल्पना जुनी आहे. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी ती १९७४ साली मांडली. एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमबरोबर आम्ही हे यंत्र तपासलं आणि त्यावर लेख तयार केला. त्यातून जे शिकलो ते ज्युनिअर मंडळींसाठी लिहितो आहे.

१. आधी परवानगी, मग रीडिंग

आपली सवय अशी की सर्किट चालू झालं की पहिला बळी रूममेट. 'अरे, बोट दे रे जरा!' सर्किट चालतंय का हे बघायला ते ठीक. पण मॅडमनी पहिल्याच भेटीत बजावलं, 'ही रीडिंग लेखात येणार नाहीत.' माणसांवर अभ्यास करायचा तर हॉस्पिटलच्या किंवा संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी अभ्यास सुरू होण्याआधी हवी. नंतर मागून ती मिळत नाही. याची मुळं १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आहेत. भारतात आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघावी लागतात. नवीन उपचाराची किंवा उपकरणाची क्लिनिकल ट्रायल असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत (सुरुवात २००७) नोंदणीही हवी.

मग येतो संमतिपत्राचा प्रश्न. ते रुग्णाला कळेल अशा भाषेत लागतं. आमच्या गटात हे काम माझ्याकडे आलं. 'ऑक्सिजन संपृक्तता' असं लिहून नेलं, तर मॅडम म्हणाल्या, 'हे माझ्या वॉर्डातल्या आजींना वाचून दाखव.' शेवटी वाक्य झालं ते असं : 'तुमच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे, हे बोटाला चिमटा लावून मोजू. टोचणार नाही. नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, तुमच्या उपचारात फरक पडणार नाही.' संपूर्ण प्रोजेक्टमधलं सगळ्यात कठीण टेक्निकल रायटिंग हेच होतं, असं माझं मत आहे!

२. नावं कुणाची?

इथे मैत्री तुटायची वेळ येते, म्हणून हे आधीच बोलून घ्यावं. मेडिकल जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात हे संपादक जमले, म्हणून त्यांच्या नियमांना अजून 'व्हँकुव्हर' म्हणतात. लेखक कोण याच्या त्यांच्या चार अटी आहेत : कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि पुढे कुठल्याही भागावर शंका आली तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही हव्यात.

आमच्या चौघांपैकी एकानं रात्र-रात्र बसून सिग्नलमधला नॉइज काढला होता. पण लिहायच्या वेळी तो नोकरीत रुजू होऊन दुसऱ्या राज्यात गेला होता. 'लिहायला नव्हता, मग कशाला नाव?' असा सूर निघाला. नियम वाचला तर त्यात उलटंच दिसलं. पहिली अट पूर्ण करणाऱ्याला मसुद्यावर काम करायची संधी द्यायलाच हवी, त्याला वगळायला या अटी वापरायच्या नाहीत. मसुदा त्याला पाठवला. त्यानं फिल्टरचा परिच्छेद पूर्ण बदलून परत पाठवला आणि त्याचं नाव लागलं. उलट आमच्या विभागप्रमुखांनी स्वतःच सांगितलं, 'मी लॅब दिली, एवढंच. मला आभारात टाका.' लॅबमधले मामा रविवारीही कुलूप उघडून द्यायचे, तेही त्यांच्या परवानगीनं आभारात आले.

एआयचा सॉफ्टवेअर-मदतनीस लेखक होऊ शकत नाही, कारण तो जबाबदारी घेऊ शकत नाही. समितीनं २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. वापरला असेल तर कुठे आणि कशासाठी ते लिहायचं.

३. लेखाचा सांगाडा

प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा हे चार भाग ठरलेले. पण लिहायचा क्रम वेगळा ठेवा. आधी पद्धत लिहा, कारण ती घडलेली असते. मग तक्ते आणि आकृत्या, त्यावरून निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना. सारांश आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. पद्धत अशी लिहायची की दुसऱ्या गावातला अनोळखी माणूस फक्त ती वाचून तोच प्रयोग करू शकेल : कुठले रुग्ण घेतले, कुठले घेतले नाहीत, कुठल्या बोटाला, किती सेकंद, तुलनेचं यंत्र कुठलं. अभ्यासाच्या प्रकारानुसार तयार चेकलिस्ट मिळतात. ट्रायलसाठी कन्सॉर्ट, निरीक्षणाच्या अभ्यासासाठी स्ट्रोब, निदानचाचणीसाठी स्टार्ड. त्या लिहून झाल्यावर उघडू नका, आखणी करतानाच भिंतीवर चिकटवा.

४. आकडे : इथे आपली खरी परीक्षा

आपण इंजिनिअर, म्हणजे कोरिलेशन काढणार आणि '०.९८ आलं!' म्हणून कॅन्टीनला पार्टी देणार. थांबा. समजा खरी पातळी ८४, ८६, ८८ आहे आणि आपलं यंत्र ८८, ९०, ९२ दाखवतंय. कोरिलेशन बरोबर १. पण ८८ वाला रुग्ण ९२ समजून घरी जाईल! दोन मापनं एका रेषेत चालतात एवढंच कोरिलेशन सांगतं, ती जुळतात असं नाही. मार्टिन ब्लँड आणि डग्लस आल्टमन यांनी १९८६ साली 'द लॅन्सेट'मध्ये यावर सोपा उपाय दिला. प्रत्येक रुग्णाच्या दोन रीडिंगांमधला फरक काढा, त्या फरकांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. सरासरी १ आणि विचलन २ आलं, तर १.९६ गुणिले २ म्हणजे ३.९२, मर्यादा झाल्या उणे २.९२ ते अधिक ४.९२. म्हणजे साधारण ९५ टक्के वेळा आपलं यंत्र तीनने कमी ते पाचने जास्त यांच्या मध्ये दाखवेल. हे चालेल का, ते सॉफ्टवेअर नाही, डॉक्टर ठरवणार.

आणखी दोन गोष्टी. ३० रुग्णांची प्रत्येकी १० रीडिंग म्हणजे ३०० रुग्ण नव्हेत. आणि यंत्र पूर्ण टक्क्यात दाखवत असेल, तर प्रत्येक रीडिंगपुढे ९६.३४७ असं लिहून हुशारी दिसत नाही.

५. कुणावर तपासलं?

डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचं एक छोटंसं पत्र आलं. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीच्या रक्ताची तपासणी ८८ टक्क्यांच्या खाली निघते, असं किती वेळा होतं, हे त्यांनी बघितलं. एका गटात गोऱ्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के. विचार करा, हे यंत्र तोवर कित्येक दशकं जगभर वापरात होतं. म्हणून आम्ही पहिल्या रुग्णापासून त्वचेचा रंग सहा पायऱ्यांच्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर नोंदवला, आणि गडद रंगाचे रुग्ण पुरेसे येईपर्यंत थांबलो. दीड महिना गेला. पण आपल्या वॉर्डात येणारा शेतमजूर जर तक्त्यात नसेल, तर यंत्र कुणासाठी बनवलं?

६. पाठवताना

जर्नल निवडताना त्याचे मागचे अंक उघडून बघा. आपल्याकडेही जुनी जर्नलं आहेत : आयसीएमआरचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' १९१३ पासूनचं, तर मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज व केईएम हॉस्पिटलच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ चं. 'पैसे भरा, आठवड्यात छापतो' असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. प्लेसमेंटसारखं एकाच वेळी पाच ठिकाणी अर्ज इथे चालत नाही. एका वेळी एकच जर्नल. परिषदेत पोस्टर लावलं असेल तर कव्हर लेटरमध्ये सांगा. संदर्भांना लेखात ज्या क्रमानं येतील तसे आकडे द्या, आणि जो पेपर स्वतः वाचला नाही तो यादीत घालू नका. यंत्राचे भाग कुणी फुकट दिले असतील तर तेही जाहीर करा.

आणि मूळ नोंदी जपा. मे २०२० मध्ये 'द लॅन्सेट'नं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक लेख छापला. ६७१ हॉस्पिटलं, ९६,०३२ रुग्ण! त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं त्या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली. लोकांनी मूळ माहिती मागितली. ती पुरवणाऱ्या कंपनीनं स्वतंत्र तपासणीसाठी दिली नाही, आणि ४ जूनला तीन लेखकांनी लेख मागे घेतला. नावाजलेलं जर्नल, प्रचंड आकडे, आणि हाती शून्य. आमचे रुग्ण मोजून ६२, पण प्रत्येकाचा कागद मॅडमच्या कपाटात आहे.

आमच्या लेखावर दोन परीक्षकांचे मिळून १९ मुद्दे आले. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा लिहून त्याखाली उत्तर आणि बदललेल्या ओळीचा क्रमांक, अशी ९ पानं झाली. दोन मुद्दे पटले नाहीत, तिथे कारण देऊन नम्रपणे तसं लिहिलं. निकाल अजून यायचा आहे. दरम्यान ज्यांना येत्या सेमिस्टरला असला प्रोजेक्ट घ्यायचा आहे, त्यांनी एथिक्स कमिटीच्या अर्जाचा नमुना माझ्याकडून घेऊन जावा. समितीच्या बैठका रोज नसतात, तेव्हा सुट्टी लागायच्या आत या.