परावलंबी वृद्धांची सेवा : एक विचार

‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ असे आपण म्हणतो. यात माया आहे, पण धोकाही आहे. मूल रोज काही नवे शिकते. आजारी वृद्ध मात्र जे करणे सोडतो, ते बहुधा कायमचे सुटते. म्हणून सर्व काही आपणच करून देणे म्हणजे सेवा नव्हे.

अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली परावलंबन मोजण्यासाठी सहा गोष्टी मांडल्या : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. प्रत्येक गोष्ट वेगळी पाहावयाची. ज्याला उठता येत नाही, पण ज्याचा हात चालतो, त्याला उठवावे. जेवू मात्र त्याचे त्याला द्यावे.

माझ्या आजीला अर्धांगवायू झाला, तेव्हा गंगाखेड तालुक्यातील आमच्या गावी नर्स कोठली? आई कापूस वेचून येई आणि आजीचे करी. दवाखान्यातील सिस्टरने आम्हाला काही गोष्टी शिकविल्या. खुर्ची चांगल्या अंगाच्या बाजूला, बाजेला लागून ठेवावी. बगलेत धरून ओढू नये, खांदा निखळतो. आपले गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून आधार द्यावा. कपडा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. जेवताना बसते करावे, नाहीतर ठसका लागतो. कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. आजी डाव्या हाताने जेवू लागली. घास सांडे, वेळ लागे. पण ‘मी जेवले’ असे ती म्हणे, ‘मला भरवले’ असे नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. परंतु केवळ इमारतीने वृद्ध उठून बसत नाही. त्यासाठी शिकलेले हात लागतात. घरोघरी हे हात सुनांचे आणि लेकींचेच असतात. आपण मुलगे शिकायला बाहेर पडतो, तेव्हा हे ओझे त्यांच्यावर टाकूनच पडतो.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातला एक दिवस परिचारिकेला बोलावून माणूस कसा उठवावा, हे मुला-मुलींनी मिळून शिकावे, असे मला सुचवावेसे वाटते.