दहावीच्या सुट्टीतली पहिली इंटर्नशिप: चांदवडच्या बाजारात काम शिकायला कसं शिरायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण शाळकरी मुलांच्या उन्हाळी इंटर्नशिपबद्दल बोललो. तिथे हिशोब मांडून दाखवायला वेळ पुरला नाही, म्हणून हा लेख. तुम्ही स्वतः नववी-दहावी-अकरावीत असाल आणि पुढे धंदा करायचं डोक्यात असेल तर तुमच्यासाठी आहे. तुमचं दुकान असेल आणि कोणी मुलगा किंवा मुलगी "काम शिकायचंय" म्हणून आली, तर तुमच्यासाठीही आहे.

आधी वेळेचं बघू. २०२५ साली दहावीची परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल लागला १३ मेला. मधे ५७ दिवस! त्यानंतर अकरावीचे प्रवेश, म्हणजे आणखी काही आठवडे. एवढा सलग मोकळा वेळ पुढे धंद्यात पडल्यावर कधीच मिळत नाही. आणि या वेळेचं आपण काय करतो, तर "कम्प्युटर क्लास लाव" एवढंच.

आता बरेच जण मोबाइलवर 'इंटर्नशिप' असं शोधतात आणि निराश होतात. कारण तिथे जे दिसतं ते कॉलेजच्या मुलांसाठी असतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बारावी पास उमेदवाराला महिना ६,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. पण वयाची अट १८ ते ३५. पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हा तर ती २१ वर्षांपासून पुढे होती. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी या दोन्हींची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमची इंटर्नशिप पोर्टलवर नाही, ती चांदवडच्या पेठेत आहे. तिची जाहिरात निघत नाही, ती मागून घ्यावी लागते.

ही कल्पना काही नवीन नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला लागणारी खरी कामं करत करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. त्यातूनच हायस्कूलच्या मुलांसाठी वेल्डिंग, वीज, शेती, अन्नप्रक्रिया असा अभ्यासक्रम उभा राहिला. नव्या शैक्षणिक धोरणातही (२०२०) सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं लिहिलेलं आहे. तुमच्या शाळेने ते केलं की नाही, हा वेगळा विषय. सुट्टीत तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

कुठे जायचं?

लोक इथे चुकतात. "ओळखीचं दुकान" बघतात. माझं म्हणणं, दुकान नंतर बघा, आधी हंगाम बघा. ज्या धंद्याचा हंगाम तुमच्या सुट्टीत येतो, तिथे दोन महिन्यांत जे दिसेल ते एरवी वर्षभरात दिसत नाही.

आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ कांदा. बाजार समितीत ट्रॅक्टरची रांग, व्यापाऱ्यांच्या खळ्यावर निवड, प्रतवारी, गोणी भरणं. तिथे तुम्ही गोणी उचलायला जायचं नाही, नोंदी शिकायला जायचं. रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर एका वहीत लिहा. सोबत लासलगावचा आणि पिंपळगावचा त्याच दिवसाचा दर लिहा. एकाच दिवशी एकाच बाजारात दोन ट्रॅक्टरच्या दरात एवढा फरक का, हे व्यापाऱ्याला विचारा. तो आकार, रंग, पत्ती, ओल असं एकेक सांगेल. चाळीचं गणितही विचारा. समजा १०० क्विंटल कांदा १,२०० रुपये भाव असताना चाळीत टाकला आणि चार महिन्यांत सड आणि वजनातली घट मिळून ३० टक्के गेला. उरला ७० क्विंटल. आता नुसती बरोबरी साधायला भाव १,७१४ च्या पुढे हवा, त्यात चाळीचा आणि मजुरीचा खर्च धरलेलाच नाही. शेतकऱ्याच्या घरची मुलं हे गणित रोज बघतात, पण कागदावर मांडून बघत नाहीत.

मे-जूनमध्ये दाखल्यांची गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर. सेवा केंद्रात बसलात तर गिऱ्हाईक रांगेत उभं असताना कसं बोलायचं, कोणतं कागदपत्र राहिलंय हे एका नजरेत कसं ओळखायचं, हे कळतं. कर सल्लागाराचं ऑफिस शांत वाटतं, पण दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास तिथे बसा. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या त्या तारखा. पिशवीभर बिलं आणून टाकणारे दुकानदार बघितलेत की स्वतःच्या धंद्यात बिलं कशी ठेवायची नाहीत हे आयुष्यभर लक्षात राहतं.

पण मला विचाराल तर दहावीच्या मुलासाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे वह्या-पुस्तकांचं दुकान. कारण तुम्ही दहा वर्षं त्या दुकानाचं गिऱ्हाईक आहात! कोणत्या वर्गाला दुरेघी लागते, कोणत्या सरांना लाँगबुकच हवी असते, हे दुकानदारापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. आणि जूनचा माल तो मेमध्ये भरतो, म्हणजे तुम्ही नेमके खरेदीच्या वेळी तिथे असता.

एका वहीचा हिशोब

समजा २०० पानी वही दुकानदाराला ४० रुपयांना पडते आणि तो ५० ला विकतो. दहा रुपये सुटले. खरेदीवर २५ टक्के, विक्रीवर २० टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण धंद्यात बोलताना समोरचा कोणता सांगतोय हे नेहमी विचारून घ्या. यात मोठमोठे लोक गोंधळतात.

त्याने ५० डझन भरल्या. ६०० वह्या, २४,००० रुपये गेले. जुलैअखेर ५०० विकल्या. आले २५,०००. फायदा किती? ५०० गुणिले १०, म्हणजे ५,००० रुपये. पण हातात किती जास्त आले? फक्त १,०००. बाकीचे ४,००० कुठे गेले? ते मागच्या फळीवर १०० वह्यांच्या रूपात धूळ खात बसलेत, पुढच्या जूनपर्यंत.

आता यात उधारी घाला. ओळखीच्या चार घरांनी मिळून २,००० रुपयांच्या वह्या "दिवाळीत देतो" म्हणून नेल्या. म्हणजे गल्ल्यात आले २३,०००. वहीत फायदा ५,०००, पण खिशातून १,००० कमी. आणि घाऊक व्यापारी पैसे मागायला दारात उभा.

हे तुम्ही सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात बघितलं तर तो धडा फुकट मिळाला. बाविसाव्या वर्षी वडिलांनी काढून दिलेल्या कर्जावर स्वतःच्या दुकानात बघितला, तर त्याची किंमत घरच्यांनी मोजलेली असते. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांमध्ये "धंदा तर चालतोय, पण पैसा दिसत नाही" हे वाक्य सर्वाधिक ऐकू येतं. त्यातल्या बहुतेकांनी माल आणि उधारी कधी मोजलेलीच नसते.

म्हणून दुकानदाराकडे जाताना "काही काम आहे का?" असं विचारू नका. त्याला उत्तर एकच, "नाही." एक ठरलेलं, संपणारं काम घेऊन जा: "जुना माल मोजून यादी करून देतो." हे काम प्रत्येक दुकानदाराच्या डोक्यावर असतं आणि कोणीही केलेलं नसतं.

विचारायचं कसं?

दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा, गिऱ्हाईक नसतं. संवाद साधारण असा होईल:

"नमस्कार काका. मी आत्ता दहावीची परीक्षा दिलीय. पुढे मला स्वतःचं दुकान टाकायचंय, म्हणून सुट्टीत धंदा शिकायचाय."

"कोणाचा रे तू?"

(हा प्रश्न येणारच. नाव, गाव, वडिलांचं नाव नीट सांगा. आपल्याकडे बायोडाटा तो हाच.)

"काका, तुमचा मागच्या वर्षीचा जो माल पडून आहे, तो मी मोजून यादी करून देतो. कोणत्या शाळेत कोणत्या वर्गाला काय लागतं तेही मित्रांना विचारून लिहून आणतो. सहा आठवडे रोज सकाळी येईन."

"आणि पैसे किती घेशील?"

"पहिले आठ दिवस तुम्ही माझं काम बघा. मग तुम्हीच ठरवा."

मुलींनी आईला किंवा मावशीला सोबत घेऊन पहिली भेट घ्यावी, बिनधास्त. मुलांनीही घेतली तर बिघडत नाही. पाच ठिकाणी नकार येईल असं धरूनच निघा.

कायदा आणि सावधगिरी

दुकानदारांनी हा भाग दोनदा वाचावा. बाल आणि किशोरवयीन कामगारांचा १९८६ चा कायदा, २०१६ च्या दुरुस्तीसह, असं सांगतो: १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावणं तेवढं चालतं. १४ पूर्ण ते १८ या वयात धोक्याच्या कामांना बंदी आहे. शिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान तासभर विश्रांती, आणि विश्रांती धरून दिवसाचे एकूण सहा तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. जादा वेळ नाही. आठवड्याला एक सुट्टी. 'इंटर्न' म्हटलं म्हणून यातून सुटका होते असं समजू नका.

या मोजपट्टीवर महामार्गावरचे ढाबे आपोआप बाद होतात, कारण त्यांचा धंदाच संध्याकाळनंतरचा. फटाक्यांचा व्यवहार, पेट्रोल-डिझेल, वेल्डिंगची शेड, तिथेही नको. कृषी सेवा केंद्रात हिशोबाचं काम चांगलं शिकायला मिळतं, पण कीटकनाशकांच्या बाटल्या हाताळायचं काम घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

पैशाचं म्हणाल तर, तुम्ही शिकताय तोवर जाण्यायेण्याचं भाडं, नाश्ता आणि थोडं मानधन मिळालं तरी ठीक. पण ज्या दिवसापासून तुम्ही पगारी माणसाचं काम करताय, त्या दिवसापासून पगार मागायचा. मी स्वतः शाळेत असताना एका दुकानात सुट्टीभर राबलो. चहा आणणं, झाडलोट, पार्सल पोचवणं. खरेदीचं एक बिलही कधी दिसलं नाही. दोष अर्धा माझा, मी पहिल्या दिवशी काही ठरवलंच नव्हतं. तुम्ही ठरवा. एका कागदावर पाच ओळी पुरेत: काय शिकणार, किती वाजता येणार-जाणार, किती आठवडे, मानधन किती, आणि गल्ला एकट्याच्या जबाबदारीवर नाही. शेवटची ओळ विसरू नका. शंभर रुपये कमी भरले तर पोराचं नाव खराब व्हायला वेळ लागत नाही. खाली पालकांची सही घ्या, कारण १८ खालच्याचा करार कायद्याने टिकत नाही.

मानधन खात्यात घ्या. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवायचं बचत खातं बँका उघडून देऊ शकतात. मात्र ते खातं "दोन दिवस वापरायला" कोणालाही द्यायचं नाही, कमिशन दिलं तरी नाही. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. आणि व्हॉट्सअॅपवर "घरबसल्या इंटर्नशिप, नोंदणी फी ४९९" असं आलं तर लगेच पुसून टाका. शिकाऊ माणूस काम देणाऱ्याला पैसे देत नसतो.

रोजची वही

रात्री झोपण्याआधी तीन गोष्टी लिहा. आज कोणतं गिऱ्हाईक काही न घेता परत गेलं आणि का? कोणती वस्तू मागितली आणि ती नव्हती? मालकाने आज कुठे "नाही" म्हटलं? तिसरा प्रश्न गमतीशीर आहे. चांगला दुकानदार दिवसातून दहा वेळा नाही म्हणतो. उधारीला, जादा माल टाकणाऱ्या एजंटला, घासाघीस करणाऱ्या पाहुण्याला. तो हे नातं न तोडता कसं म्हणतो ते शब्दशः लिहून ठेवा. मात्र दुकानाचे खरेदीचे भाव आणि उधारीवाल्यांची नावं वहीतच ठेवा. मित्रांत बोलायची नाहीत आणि स्टेटसला टाकायची तर मुळीच नाहीत.

सहा आठवडे झाले की मालकाला मालाची यादी नीट लिहून द्या आणि एक पत्र मागा. लेटरहेड नसलं तरी चालतं. साध्या कागदावर, "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या विद्यार्थ्याने आमच्याकडे मालमोजणी आणि नोंदींचं काम शिकलं," एवढं, खाली सही, शिक्का आणि तारीख. त्याची झेरॉक्स काढून ठेवा. बारावीनंतर दुसऱ्या मोठ्या दुकानात किंवा ऑफिसात जाल, तेव्हा हेच पत्र समोर ठेवायचं.