सायलेन्सरचा जड आवाज : गिऱ्हाईकाची मागणी आणि कारागिराचे काम

गॅरेज चालविणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना एक मागणी वारंवार ऐकावी लागते. एखादा तरुण मोटारसायकल घेऊन येतो आणि म्हणतो, "उस्ताद, कंपनीचा आवाज फारच बारीक आहे. आतली जाळी काढून टाका. गाडी बुलेटसारखी वाजली पाहिजे." काम तासाभराचे, पैसे रोख. नाही म्हटले तर तो शेजारच्या दुकानात जाणार. अशा वेळी काय करावे? उत्तर शोधण्यापूर्वी सायलेन्सरच्या आत काय चालते ते नीट समजून घेतले पाहिजे.

सायलेन्सर काय करतो?

इंजिनातून जळालेला वायू सलग वाहत येत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. हा धक्का बेंड पाइपातून सायलेन्सरच्या मोठ्या पोकळीत शिरतो. तेथे जागा मिळाल्याने तो पसरतो आणि त्याचा जोर कमी होतो. पुढे पडदे आणि भोकांच्या नळ्या त्याला वळणे घ्यायला लावतात. काही सायलेन्सरमध्ये जाळीच्या नळीभोवती ग्लास वूल भरलेले असते. ते मुख्यतः तीक्ष्ण, चिरका आवाज शोषून घेते, जाड आवाज त्यातून बराचसा निसटतो.

येथेच पहिला धडा आहे. जड आवाज आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिरका भाग दबला की उरलेला आवाज जड वाटतो. जाळी काढली की जड भागाबरोबर सगळा चिरका भागही मोकळा सुटतो. म्हणून असा आवाज भारदस्त न वाटता कानठळ्या बसविणारा होतो.

बुलेटचा आवाज येतो कोठून?

चार स्ट्रोकचे एक सिलिंडरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटते. जुन्या ३५० सीसी बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, त्यामुळे ते इंजिन हळू फिरूनही बंद पडत नाही. मिनिटाला १,००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सुमारे ८ ठोके पडतात. म्हणून ते कानाला सुटे ऐकू येतात. उलट १५० सीसीची गाडी ८,००० फेऱ्यांवर पळत असेल तर सेकंदाला सुमारे ६६ ठोके होतात. हे ठोके सुटे ऐकू येणे शक्य नाही. बुलेटचा ठोका इंजिनाच्या घडणीत आहे. लहान गाडीचा सायलेन्सर कापून ती बुलेट होत नाही, ती फक्त ओरडते. गिऱ्हाईकाला ही गोष्ट शांतपणे सांगितली तर पुष्कळ वेळा पटते.

जाळी काढल्याने होणारे नुकसान

कंपनीने कार्बोरेटर आणि सायलेन्सर एकमेकांच्या हिशेबाने बसविलेले असतात. सायलेन्सर मोकळा केला की मिश्रण पातळ होऊ शकते. प्लग पांढरा पडतो, इंजिन जास्त तापते, रेस सोडताना सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि असेच चालू राहिले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ च्या गाड्यांत तर एक्झॉस्टच्या मार्गातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतात. तेथे ग्राइंडर चालविणे म्हणजे गिऱ्हाईकाचा महागडा भाग निकामी करणे होय.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२ अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व धुराच्या मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर चालविल्यास कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवर कारवाई अशी तरतूद आहे. १७५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलीसाठी निर्मितीच्या वेळची मर्यादा ८० डेसिबल आहे. डेसिबलचा हिशेब साधा नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट होते.

गेल्या काही वर्षांत पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांनी जप्त केलेले 'इंदोरी', 'पंजाबी' सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले. गिऱ्हाईकाचे पैसे तेथे मातीत गेले. दंड भरून तो परत येतो तो मात्र आपल्याच दारात.

मग आपण कोणते काम करावे?

सुखाची गोष्ट अशी की आवाज बारीक, फाटका किंवा पत्र्यासारखा झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या गाड्यांत बहुधा बिघाडच असतो. तो दुरुस्त केला की कंपनीचा मूळ भरीव आवाज परत येतो. कामाचा क्रम असा ठेवावा :

१) गाडी थंड असताना सुरू करून बेंड पाइपाच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. गॅस्केट बदलावे आणि नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत.

२) सायलेन्सर उतरवून हलवून पाहावा. आत खडखड झाली तर पडदा सुटलेला आहे. कापून काढण्याऐवजी तो पूर्वीच्याच जागी वेल्ड करावा.

३) तळाचे पाणी निघण्याचे भोक साफ करावे. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे एक लिटर पाणी तयार होते. गाडी रोज थोडेच अंतर चालली तर सायलेन्सर तापत नाही, पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो.

४) ग्लास वूल जळाले असेल तर तेवढ्याच मापाने नवे भरावे. हातमोजे आणि मास्क वापरावा.

५) वेल्डिंग नेहमी सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच करावे. क्रोम आधी घासून काढावा, त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

६) शेवटी क्लॅम्प आणि रबर तपासावेत, प्लगचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य आहे.

या कामाला जाळी काढण्यापेक्षा वेळ जास्त लागतो, म्हणून मजुरीही रास्त घ्यावी आणि प्रत्येक बाब बिलावर लिहून द्यावी. जुना गॅस्केट, गंजलेला तुकडा गिऱ्हाईकाच्या हाती ठेवावा. पैसे कशाचे घेतले हे त्याला डोळ्यांनी दिसले पाहिजे.

जो तरुण तरीही हट्ट धरेल त्याला नम्रपणे नकार द्यावा. एक काम जाईल. पण पहाटे त्या आवाजाने ज्या घरातील आजारी माणूस, तान्हे मूल दचकून उठते, ते घर आपल्याच मोहल्ल्यातील असते. आणि त्याच मोहल्ल्यातून उद्याची दहा गिऱ्हाईके यायची असतात. हुनर हातात असला तरी दुकान भरवशावर चालते.