क्लच गळतोय? आधी ओल शोधा, मग पैसे मोजा



आपल्या प्रभागसंघातल्या काही गटांनी कर्ज काढून गाड्या घेतल्यात. कुणी बाजाराला भाजी नेतं, कुणी सवाऱ्या. गाडी चालवायला आपण शिकलो, हप्ता फेडायलाही शिकलो. पण गाडी आजारी पडली की आपण बाजूला उभ्या राहतो आणि मिस्त्री सांगेल तेवढे पैसे देतो. आमच्या गटाला हे एकदा चांगलंच महागात पडलं. तेच आज सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पावसाळ्यात आमच्या चालक ताईला घाट चढताना क्लचचा पेडल मऊ लागायला लागला. पहिला गिअर करकर करत पडायचा, रिव्हर्स तर पडायचाच नाही. तिने बॉनेट उघडून बघितलं तर ब्रेक ऑइल कमी झालेलं. ओतलं, गाडी चालली. आठवड्याने पुन्हा ओतलं. मग दर दोन दिवसांनी. गटात मात्र ती काही बोलली नाही. एक दिवस बाजारात ब्रेक ऑइल मिळेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ऑइल ते ऑइल, इंजिनचं टाक." तिने टाकलं. थोड्याच दिवसांत आतले सगळे रबर फुगले आणि पेडल अडकून बसला. आमच्या गाडीत क्लचला आणि ब्रेकला एकच डबी असल्याने ब्रेकचेही रबर बदलावे लागले. जे काम एका सील किटमध्ये मिटलं असतं, त्याला दोन हप्त्यांएवढे पैसे गेले.

हा क्लच चालतो कसा?

बऱ्याच लहान गाड्यांना क्लचची वायर असते. त्यांना हा धडा लागू नाही. पण कित्येक जीप आणि मोठ्या गाड्यांमध्ये वायरऐवजी तेल काम करतं. पेडलच्या वर एक सिलिंडर असतो, त्याला मिस्त्री 'अपर' म्हणतात. गिअरबॉक्सजवळ दुसरा असतो, तो 'लोअर'. दोघांना जोडणारी बारीक नळी असते. पेडल दाबला की अपर तेल ढकलतो, ते तेल लोअरचा दांडा ढकलतं आणि क्लच सुटतो.

आपला हातपंप आठवा. वॉशर झिजला की दांडा कितीही मारा, पाणी वर येत नाही. इथेही तसंच. सिलिंडरमधला रबर झिजला की तेल बाहेर गळतं किंवा आतल्या आत मागे सरकतं. आणि तेलाच्या जागी हवा शिरली की पेडल मऊ पडतो, कारण हवा दबते, तेल दबत नाही.

आधी आजार ओळखा

- पेडल खाली जातो, गिअर करकरतात, दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर पडतो: दोष बहुतेक तेलाच्या बाजूला आहे.
- इंजिन जोरात ओरडतं पण गाडी चढ ओढत नाही, जळका वास येतो: हे प्लेट झिजल्याचं लक्षण.
- पेडल नीट घट्ट आहे, तेल कमी होत नाही, तरी गिअर अडतात: मग आतलं काम असू शकतं.

पहिल्या लक्षणावर कुणी थेट "प्लेटचा सेट टाका" म्हणालं, तर आधी विचारा, "ओल कुठे आहे ते दाखवा." सील किट शेकड्यांत येतं, प्लेटचं काम हजारांत जातं.

ओल शोधायच्या चार जागा

डबीतलं तेल भरा, पातळीवर खूण करा आणि रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी इंजिन बंद ठेवून बघा.

१. पेडलच्या वरच्या टोकाला हात घाला. दांडा ओला असेल किंवा चटई खालून चिकट झाली असेल, तर अपर गळतोय.

२. नळीवरून आणि तिच्या जोडांवरून कोरडी फडकी फिरवा. रबरी नळी फुगलेली किंवा चिरलेली असेल तर ती बदला.

३. लोअरच्या तोंडावरची रबरी टोपी थोडी उचलून बघा. आतून तेल आलं तर लोअर गेला.

४. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, त्या कवचाच्या खालून थेंब पडत असेल तर नीट तपासून घ्या. काही गाड्यांत लोअर आतच असतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी जास्त लागते. अशा वेळी प्लेटही बघून घ्यावी, म्हणजे पुन्हा उतरवायला नको.

चारही जागा कोरड्या आहेत, तेल कमी होत नाही, तरी पाय ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली जातो? मग अपरचा आतला रबर गेलेला असण्याची शक्यता जास्त.

थेंब कशाचा हे कळत नसेल तर जुन्या वाटीत पाणी घेऊन त्यात तो टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑइल वर तरंगतं. ती वाटी पुन्हा घरात वापरू नका. आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर तो ब्रेकचा दोष असू शकतो. गाडी तिथेच थांबवा.

दुरुस्ती करताना

सिलिंडर खोलल्यावर आतली भिंत बघायला मागा. गुळगुळीत असेल तर सील किट चालतं. गंज किंवा ओरखडे असतील तर पूर्ण सिलिंडरच बदलावा, नाहीतर नवा रबर लवकर कापला जातो. सुटे भाग रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुवू देऊ नका, त्याने रबर फुगतो. ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवा.

मग हवा काढायची. याला दोघी लागतात. लोअरच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घेतलेल्या बाटलीत बुडवा. एकीने पेडल दाबून धरायचा आणि "दाबला" म्हणायचं. दुसरीने निपल सैल करायचा, बुडबुडे गेले की घट्ट करायचा आणि मगच "सोड" म्हणायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहा. मधेमधे डबी भरत राहा. ती रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरते. बाटलीत आलेलं तेल परत डबीत ओतू नका.

जीव सांभाळा

- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. घोडी लावा, चाकांना दगड लावा.
- ब्रेक ऑइल विषारी आहे. डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. मुलांपासून लांब ठेवा. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग जातो.
- डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय तेच घ्या, तेही सीलबंद. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढून घेते.
- ब्रेकची आणि क्लचची डबी एकच असेल आणि तेल खालच्या खुणेखाली गेलं असेल, तर सवारी घेऊ नका.

आणि एक शेवटचं

आम्ही नंतर ताईला विचारलं, "तू आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "बाईला गाडी जमत नाही, असं सगळे म्हणतातच. तुम्हीपण म्हणाल असं वाटलं."

सख्यांनो, रबर झिजतो, त्यात चालवणारीचा काय दोष? पण तिला बोलायची भीती वाटली, त्यात आमचा दोष होता. आता आमच्या गाडीच्या वहीत डिझेलच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आहे: 'ब्रेक ऑइल किती ओतलं'. महिन्यात दोनदा ओतलं की बैठकीत विषय निघतो आणि सगळ्याजणी मिळून ओल शोधतो. तो रकाना भरते आमची तीच ताई. हवा काढताना निपलजवळही तीच बसते.

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर येत्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. मग सगळ्याजणी बाहेर जाऊन बॉनेट उघडा आणि ती डबी एकदा प्रत्येकीने डोळ्यांनी बघा.